पाच मायक्रॉन

दोघांचं भांडण नि तिसऱ्याचा लाभ म्हणतात,
इथे ओहायोत भांडणारी शहरंच तीन.
एकात टायर बनत, एकात पोलाद,
तिसऱ्यात भट्ट्यांना लागणाऱ्या विटा.
सरकारी मेडिकल कॉलेज आमच्याच दारात हवं,
यावर तिघंही अडून.
शेवटी राजधानीतल्या कुणीतरी
नकाशावर पट्टी ठेवून मध्य काढला,
आणि मध्य पडला
व्हर्ना स्टॉफरच्या मक्यात.

हे तिनेच सांगितलं मला, कॅन्टीनमध्ये.
"एकशे दहा एकर दिले. गोठा ठेवला.
पहिल्या वर्षी बेचाळीस पोरं.
विच्छेदनाची टेबलं यायची होती,
त्याआधी माझ्या गाई पोचल्या,
कुंपण मोडून, डीनच्या खिडकीशी."

मी आले त्यानंतर बावीस वर्षांनी,
मिरजेच्या लॅबमधला अनुभव,
नवऱ्याची टायरमधली नोकरी (ती वर्षात गेली),
आणि हात न थरथरता
पाच मायक्रॉन जाडीचा काप काढता येणं,
एवढ्या भांडवलावर.
तोवर तिन्ही शहरांची धुराडी थंड पडलेली.
उरलं ते भांडणातलं कॉलेज.
ते वाढत गेलं, विद्यापीठ झालं:
शाळा संपताच थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रम,
मग फार्मसी, मग सार्वजनिक आरोग्य,
मग, जिथे डॉक्टर नाही तिथे पाच वर्षं राहीन
असं लिहून देणाऱ्यांना फी माफ.
सही करताना एका पोराने विचारलं होतं,
पाच वर्षं म्हणजे नक्की किती हिवाळे?

व्हर्नाने गाई विकल्या आणि आजार शिकली.
नोकरीच तशी: खोटा रुग्ण.
तासाला चौदा डॉलर, कागदी गाऊन,
आणि पाठ करायला एक पान:
छातीत दडपण, डावा हात जड,
विचारल्याशिवाय दारूचं सांगायचं नाही.
पोरं भीत भीत आत येत,
थंड स्टेथोस्कोप, त्याहून थंड हात.
नंतर ती गुण देई.
नाव विचारलं, हो. डोळ्यांत पाहिलं, नाही.
"हात चोळून घे रे आधी,
याला गाईसुद्धा लाथ मारते."
चौदा आजार तोंडपाठ होते तिला.
पंधराव्याला पान लागलं नाही.

मार्चमधली परीक्षा, पित्ताशयाचं दुखणं.
ओळीने चौघांनी तेच लिहिलं, पित्ताशय.
पाचवी मुलगी, तिशा ऑकरमन, जेमतेम विशीची,
पानात नसलेलं विचारून बसली:
"मिसेस स्टॉफर, डोळे कधीपासून पिवळे आहेत?"
वेळ संपल्याची घंटा झाली
तरी ती बाहेर आली नाही.
नियमाप्रमाणे तिचे गुण कापले.

पुढच्या ऑगस्टात अकरा नंबरचं टेबल.
तिथे नावं नसतात.
पण डाव्या अंगठ्याचं पेर
मका सोलायच्या यंत्राने कधीच नेलेलं,
कॉफीचा कप धरताना रोज पाहिलेलं मी.
ताकास तूर लागू दिली नाही.
माझ्याकडे आला तो स्वादुपिंडाचा तुकडा.
पॅराफिनमध्ये बसवला, पातं बदललं.
कोमट पाण्यावर तरंगता काप
एका दमात काचेवर घ्यायचा असतो,
दुधावरच्या सायीसारखा,
नाहीतर सुरकुततो.
पहिला सुरकुतला.
दुसराही.

तिसरा लागला. जांभळा, गुलाबी.
चाळीस काचा केल्या;
दर वर्षी एखादी तडकते, एखादी हरवते.
लेबलवर फक्त आकडा.

एप्रिलमध्ये पोरं देहदात्यांच्या घरच्यांना बोलावतात.
तिचा पुतण्या आला होता, टोपी हातात.
पार्किंगमध्ये विचारत होता, गोठा कुठे होता?
मी फार्मसीचा मागचा जिना दाखवला.
त्याने तिथून पावलं मोजली, सव्वीस,
आणि डांबरावर टाच आपटली.
"इथे विहीर होती. नीट बुजवली ना?"
मला माहीत नव्हतं.
त्याने आणखी एकदा टाच आपटली
आणि दोघंही ऐकत राहिलो.